अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज पाण्यात कसं उतरलं

संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर. घरी पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचंच, हे इथल्या प्रत्येक घरात ठरलेलं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघून झाला की पुढे जायची सगळ्यांना घाई होते. मी मात्र दुसऱ्या लेण्यात सर्वांना थोडा वेळ उभं करतो. रंग विटलेत, पण डोळे अंधाराला सरावले की भिंतीवर एक जहाज दिसू लागतं. तीन डोलकाठ्या, रुंदीपेक्षा उंच शिडं, वर उचललेली नाळ, नाळेवर रंगवलेला डोळा आणि मागच्या बाजूला ओळीनं मांडलेले रांजण. चित्र पाचव्या शतकातलं. गोष्ट पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. त्याचं गाव शूर्पारक, म्हणजे आजचं नालासोपारा.

याच चित्रावरून भारतीय नौदलानं खरं जहाज बांधून घेतलं, ‘कौंडिण्य’. जुलै 2023 मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झालं.

आता अडचण बघा. चित्रकारानं पाण्यावरचं जहाज काढलं, पाण्याखालचं नाही. पोट किती खोल, फळ्या किती जाड, डोलकाठी खाली कशात रोवलेली, यातलं काहीही भिंतीवर नाही. अशा जहाजाचा जुना आराखडाही कुठे शिल्लक नाही. त्यामुळे आकार नव्यानं बेतावा लागला आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याची छोटी प्रतिकृती पाण्यात तपासून घेतली गेली. बांधायचं कसं, हे मात्र कागदावर नव्हतं. ते केरळच्या कारागिरांच्या हातात होतं. बाबू शंकरन यांच्या हाताखाली त्यांनी हे जहाज अक्षरशः शिवलं. फळ्या जोडायला खिळा नाही, सुंभ वापरला.

शिवण कशी घालतात, ते जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे. आपल्या ओळखीच्या होडीत आधी सांगाडा उभा राहतो आणि त्यावर फळ्या ठोकतात. इथे क्रम उलटा. आधी फळ्यांचं कवच आणि मग त्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्या. फळी वाफेवर मऊ करून हवी तशी वाकवायची आणि खालच्या फळीच्या कडेला कड भिडवायची. दोन्ही कडांपासून थोडं अंतर सोडून समोरासमोर भोकं पाडायची. सांध्यावर नारळाच्या सोडणाच्या काथ्याची जाड वळकटी ठेवायची आणि तिच्यावरून सुंभ आडवा-तिरपा फिरवत भोकांतून ओवायचा. एक माणूस आत, एक बाहेर. दोर दांडक्याला गुंडाळून, अंगाचा भार टाकून ताणायचा. ताण सुटायच्या आत पुढचा टाका पडला पाहिजे. वळकटी दबून सांध्यात घट्ट बसते. मग भोकं काथ्यानं बुजवून राळ आणि तेलाचा लेप.

दोरानं बांधलेलं जहाज लाटेत टिकेल का, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर काथ्याच्या गुणात आहे. काथ्या खाऱ्या पाण्यात सहज कुजत नाही. लोखंडी खिळा मात्र गंजतो आणि भोवतालचं लाकूडही खराब करतो. शिवाय शिवलेलं कवच थोडं लवतं. लाट आदळली किंवा होडी वाळूवर घासली तर धक्का एका सांध्यावर न राहता सगळ्या शिवणींत वाटला जातो. दुरुस्तीही सोपी: सुंभ कापायचा, खराब फळी काढायची, नवी बसवून पुन्हा शिवायचं. याची किंमतही आहे. लेप वरचेवर द्यावा लागतो, शिवण तपासावी लागते, आत झिरपलेलं पाणी उपसावं लागतं. मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो. सारखी देखभाल मागणाऱ्या वस्तूकडे माणसाचं लक्ष राहतं, आणि ती जास्त टिकते.

‘कौंडिण्य’ सुमारे 20 मीटर लांब. मधोमध सुकाणू नाही. मागच्या बाजूला लांब वल्ही पाण्यात धरून दिशा द्यायची. शिडं चौकोनी. वारा मागून किंवा बाजूनं असेल तर ती उत्तम ओढतात, पण वाऱ्याच्या तोंडावर चढत जाणं त्यांना जमत नाही. म्हणून निघायची वेळ ठरवतो तो वारा. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे वाहतात, आणि पश्चिमेला जायचं तर तेच हवेत. ‘कौंडिण्य’ 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघालं आणि जानेवारीत तिथे पोचलं. शूर्पारकच्या व्यापाऱ्यांनाही आकाशाकडे बघत याच वाऱ्यांची वाट पाहावी लागत असणार.

परवा नातवाला घेऊन पुन्हा दुसऱ्या लेण्यात गेलो. त्यानं बराच वेळ भिंतीवर काही शोधलं आणि विचारलं, “आजोबा, टाके कुठेत?” चित्रकारानं ते काढलेलेच नाहीत.