पंपाच्या नाडीची रोजकीर्द

व्यापारी मनुष्य रोजकीर्द लिहिल्यावाचून निजत नाही. दिवसाचा जमाखर्च त्याच दिवशी जुळला म्हणजे दिवाळीस वहीपूजनाला बसताना मन स्वस्थ असते, हे वाडवडिलांनी आपणांस शिकविले. परंतु ज्या पंपावर आपल्या गिरणीचे वा कारखान्याचे पाणी चालते, त्याची रोजकीर्द आपणांपैकी कितीजण ठेवतात? पंप बंद पडला की मिस्त्रीस बोलवावयाचे, हाच बहुतेकांचा रिवाज आहे.

वस्तुतः आपल्या सीमाभागास पंप नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानाने आरंभ केला आणि पुढे किर्लोस्करवाडीस १९२६ साली त्यांच्या कारखान्यात केंद्रापसारी पंप तयार झाला. त्या काळापासून जाणता फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरी आणि आतले दुखणे ओळखी. नाडीपरीक्षाच ती! मात्र तो फिटर रजेवर गेला की परीक्षाही रजेवर जाई.

हेच काम आता कंपन मोजणारा बिनतारी सेन्सर करतो. मुठीत मावेल एवढी ही डबी बेअरिंगच्या घरावर घट्ट बसवितात. ठराविक अंतराने ती कंपनाचा वेग मिलिमीटर दर सेकंदास या मापाने नोंदते व रेडिओलहरींनी जवळच्या गेटवेकडे धाडते. तेथून आकडा कचेरीत किंवा मालकाच्या मोबाइलवर येतो. तारा ओढण्याचा खर्च वाचतो, म्हणूनच लहान कारखानदारासही हे साधन आवाक्यातले झाले आहे.

दुखण्यागणिक कंपनाची चाल वेगळी असते. मिनिटास सुमारे २९०० फेरे घेणारा शाफ्ट सेकंदास सुमारे ४८ वेळा फिरतो. इम्पेलरचा तोल गेला असेल तर कंपन मुख्यतः त्याच ४८ च्या ठेक्यावर वाढते. पंप व मोटर एका रेषेत नसतील तर बहुधा दुप्पट, म्हणजे ९६ च्या ठेक्यावरही ते उमटते. बेअरिंगची झीज आरंभी फार वरच्या कंपनसंख्येत दिसते. सक्शनला पाणी अपुरे पडून बुडबुडे फुटू लागले म्हणजे खडी खडखडावी तसा विस्कळीत आवाज पसरतो. पंपांच्या कंपनाच्या मर्यादा आयएसओ १०८१६ या प्रमाणमालेच्या सातव्या भागात दिल्या आहेत. तथापि एकट्या आकड्यापेक्षा त्याची चढती भाजणी अधिक बोलकी असते.

येथे आमचीच एक चूक सांगणे आम्हांस उचित वाटते. आमच्या तेलगिरणीत कंडेन्सेटचे गरम पाणी बॉयलरकडे परत नेणाऱ्या पंपावर आम्ही असा सेन्सर बसविला. ऐन हंगामात आकडा चढू लागला. इशारा येऊ लागला. बेअरिंग बदलण्यास एक पाळी बंद ठेवावी लागणार होती. आम्ही हिशेब केला आणि ‘हंगाम उरकू द्या’ म्हणून तो इशारा बाजूस सारला. बाराव्या दिवशी बेअरिंग जाम झाले, मेकॅनिकल सील फुटले आणि उकळत्या पाण्याची धार शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाच्या हातावर आली. गिरणी तीन दिवस बंद राहिली. ते नुकसान भरून निघाले. त्या मुलाच्या हातावरचा व्रण मात्र आजही आमच्याकडे पाहतो. आमच्या हिशेबात पाळी होती, माल होता, माणूस नव्हता.

यास्तव अनुभवाचे चार शब्द. प्रथम, ज्याला जोडीचा पंप नाही आणि जो बंद पडल्यास सारेच थांबते, त्यावर सेन्सर बसवावा. सर्वांवर एकदम नको. दुसरे, डबी पातळ पत्र्याच्या आवरणावर न लावता बेअरिंगच्या घरावरच लावावी, आणि पंप निरोगी असतानाचे काही आठवड्यांचे आकडे जपून ठेवावेत. पुढची तुलना त्यांच्याशीच करावयाची असते. तिसरे, विक्रेत्यास विचारावे, की हा सेन्सर किती वरच्या कंपनसंख्येपर्यंत मोजतो? स्वस्त सेन्सरला बेअरिंगची पहिली कुरकूर ऐकू येत नाही. मोजणी जितकी वारंवार, तितकी बॅटरी लवकर संपते, हेही ध्यानी धरावे. जाड भिंती व लोखंडी टाक्या लहरी अडवितात. म्हणून गेटवेची जागा प्रत्यक्ष पाहूनच ठरवावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इशारा कोणी वाचावयाचा आणि यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी लिहून ठेवावे. आमच्या गिरणीत आता तो अधिकार फिटरकडे आहे. मालकाच्या परवानगीसाठी तो थांबत नाही. रोजकीर्द कितीही चोख लिहिली तरी ती वाचून वेळीच हात आवरणे हे धन्याचेच कर्तव्य होय. सेन्सर सावध करील. शहाणपण मात्र आपणांसच दाखवावे लागेल.