डीएनएसचा पत्ता संगणकाला कोण सांगतं?

संकेतस्थळाच्या नावामागचा आयपी पत्ता डीएनएस सर्व्हर शोधून देतो. पण खुद्द तो सर्व्हर कुठे आहे हे नावाने कसं विचारणार? त्याचा अंकी पत्ता संगणकाकडे आधीच असावा लागतो. चाळीस संगणकांच्या लॅबमध्ये तो हाताने भरायचा, आणि सर्व्हर बदलला की परत चाळीस खुर्च्या फिरायच्या! हा उपद्व्याप पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपी या पद्धतीमुळे वाचतो. त्याचं आज वापरात असलेलं प्रमाण १९९७ चं आहे.

केबल जोडली की संगणक २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाळी घालतो. स्वतःचा पत्ता अजून मिळालेला नसतो, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.०. काय काय हवं याची यादीही तो सोबत देतो: ३ म्हणजे गेटवे, ६ म्हणजे डीएनएस सर्व्हर, १५ म्हणजे डोमेनचं नाव. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो, सर्व्हर पक्का करतो. चार निरोपांत काम झालं. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ दिलं की मिळालेले डीएनएस पत्ते दिसतात. घरी तिथे बहुधा राउटरचाच पत्ता असतो; राउटर तो प्रश्न पुढे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएसकडे ढकलतो.

६ क्रमांकाच्या रकान्यात एकाहून जास्त पत्ते देता येतात, आणि घोळ इथेच होतात. पहिला ऑफिसातला १९२.१६८.१.१०, दुसरा ‘असू दे’ म्हणून ८.८.८.८. एकाला नाव सापडलं नाही तर दुसरा शोधेल, असा समज असतो. प्रत्यक्षात पहिल्याने ‘असं नाव नाही’ म्हटलं की शोध तिथेच संपतो. दुसऱ्याची पाळी येते ती पहिल्याकडून वेळेत उत्तरच न आल्यावर. मग बाहेरच्या सर्व्हरला ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचं नाव कुठून ठाऊक असणार? इंटरनेट चालू, पण शेअर फोल्डर उघडत नाही, डोमेन लॉगिन अडतं. दोन्ही पत्ते आतल्याच सर्व्हरचे द्यावेत, हे बरं.

डीएनएस बदलायचा तर डीएचसीपी सर्व्हरवर एकदाच बदलायचा. तो सगळीकडे लगेच पोचत नाही, कारण पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर दिलेला असतो आणि चालू संगणक साधारण अर्धी मुदत सरल्यावर नूतनीकरण मागतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात ८ दिवसांची, म्हणजे ४ दिवस जुनाच पत्ता चालू राहू शकतो. म्हणून आठवडाभर आधी लीज तासाभरावर आणून ठेवायची. घाईच असेल तर त्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’. एवढं करूनही एखादा हटून बसला, तर कोणीतरी कधीकाळी त्यात डीएनएस हाताने भरून ठेवलेला असतो. हाताने भरलेल्यापुढे डीएचसीपीचं काही चालत नाही.

या सगळ्यात ओळख तपासण्याची सोय जवळपास नाहीच. कोणी घरचा राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. डीएनएसचेंजर या घातक सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्या असाच बनावट डीएचसीपी सर्व्हर चालवून शेजारच्या संगणकांना भलत्या डीएनएसकडे वळवत. त्यामागची टोळी २०११ मध्ये पकडली गेली. मॅनेज्ड स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की विश्वासू पोर्टखेरीज कुठूनही आलेली ऑफर टाकून दिली जाते.

नेटवर्कवर आयपीव्ही६ असेल तर आणखी एक जागा तपासावी लागते. तिथे राउटर आपल्या नियमित घोषणेतूनही डीएनएसचा पत्ता सांगू शकतो. डीएचसीपीत बदल केला आणि राउटरवर जुना पत्ता राहिला, तर काही प्रश्न जुन्याच सर्व्हरकडे जात राहू शकतात.