मी फक्त देठ खुडणारी?

कामाच्या ठिकाणी आपण स्वतःला काय समजतो, यावर आज बोलूया.

आमच्या बचत गटाचा मसाल्याचा उद्योग आहे. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मिरची आली. देठ खुडताना एका ताईंच्या हाताला ती ओलसर लागली, पण त्या बोलल्या नाहीत. पुढे तिखटाला बुरशी आली आणि सगळा माल फेकावा लागला. मी विचारलं, "ताई, सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "मी फक्त देठ खुडणारी. मला कोण विचारतंय?"

ताई कामचुकार नाहीत. हाताला कळलं होतं, पण सांगण्याचा अधिकार आपला आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हीच गोष्ट मांडली. 'मला हे जमेल' हा विश्वास असेल तर माणूस काम अंगावर घेतो आणि अडचणीतही टिकतो. हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः केलेलं काम जमल्यावर. आपल्यासारख्या दुसरीला जमलेलं पाहून आणि कुणी धीर दिल्यावरही येतो.

लिज्जत पापडाचंच बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, ती 'बहीण' म्हणजे संस्थेची भागीदार. नफ्यात तिचा वाटा असतो. पापड बिघडला तर नुकसान आपलंच, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

आम्हीही पद्धत बदलली. आता मिरची आली की पहिली मूठ त्याच ताई हातात घेतात. त्या नको म्हणाल्या की माल परत, मग अध्यक्षबाई काहीही म्हणोत. यंदा त्यांनी दोन पोती परत पाठवली. त्या दिवसापासून बैठकीतही त्यांचा आवाज ऐकू येतो.

मात्र एक सांगते. मजुरी वेळेवर द्यायची नाही, चुकलं की चारचौघींत बोलायचं आणि वर 'आपलं समजून काम करा' म्हणायचं, हे चालत नाही.

पुढच्या बैठकीत, जी कधीच बोलत नाही तिला विचारा, "ताई, तुमच्या हाताला काय कळलं?" ती सांगेल ते तिच्या नावासकट वहीत लिहा.