न विचारतां जमलेली सोयरीक

घरांत सोयरीक जमावयाची झाली म्हणजे आपल्याकडे कुळ पाहतात, पत्रिका पाहतात आणि चार वडीलधाऱ्यांचा विचार घेतात. परंतु ज्या कंपन्यांच्या लहरींवर आपल्या घराचें सारें बोलणें चालतें, त्यांची सोयरीक जमते तेव्हां आपणांस कोणी अक्षतसुद्धां देत नाहीं. व्होडाफोन आणि आयडिया यांच्या एकत्र येण्याची घोषणा २० मार्च २०१७ रोजीं झाली. स्पर्धा आयोगानें मान्यता दिली, भागधारकांनीं होकार दिला, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानें संमति दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजीं विलीनीकरण पुरें झालें. सुमारे ४० कोटि ग्राहक एका छत्राखालीं आले. त्यांत अमरावतीच्या अंबापेठेंतील आमचें घर होतें आणि अकोल्याच्या जठारपेठेंतील धाकट्या बंधूंचेंही होतें. इकडे एक कंपनी, तिकडे दुसरी. आतां दोन्ही एकच झाल्या. आम्हांला न विचारतां हें झालें म्हणून मी त्या वेळीं बराच चिडलों होतों. आमच्या काकू मात्र हंसून म्हणाल्या, "तुम्ही भाऊ दोन गांवीं वेगळे झालांत, आणि या कंपन्या एकत्र कुटुंबांत राहूं लागल्या!"

आयडियाच्या कुळाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९९५ सालीं बिर्ला कम्युनिकेशन्स या नांवानें ती जन्मली. पुढें अमेरिकेची एटी अँड टी तिच्यांत भागीदार झाली, मग टाटांची कंपनी येऊन मिळाली. आणि बिर्ला, एटी अँड टी व टाटा या तीन नांवांचीं आद्याक्षरें जुळवून लोक तिला 'बटाटा' म्हणूं लागले. २००२ सालीं 'आयडिया' हें नांव आलें, आणि ७ सप्टेंबर २०२० पासून जोड कंपनीचें 'वी' हें नांव रूढ झालें. बारशांमागून बारशीं झालीं, तरी ग्राहकाचा नंबर मात्र तोच राहिला.

हीं विलीनीकरणें हौसेनें झालीं नाहींत. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ बाजारांत उतरली व पहिले कांहीं महिने तिनें सेवा फुकट दिली. त्या भावयुद्धांत दुबळ्यांचा टिकाव लागला नाहीं. रिलायन्स कम्युनिकेशन्सनें २०१७ च्या अखेरीस बोलण्याची सेवा बंद केली. एअरसेलनें २०१८ च्या आरंभीं दिवाळखोरीचा अर्ज केला. टाटांचा मोबाईलचा व्यवसाय १ जुलै २०१९ रोजीं एअरटेलमध्यें सामील झाला. जेथें एके काळीं डझनभर कंपन्या होत्या, तेथें आज एअरटेल, जिओ, वी आणि सरकारी बीएसएनएल अशा चारच उरल्या आहेत. दुकानें कमी झालीं म्हणजे भाव चढतात, हें गृहिणींना सांगावयास नको. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळां खाजगी कंपन्यांनीं आपले दर वाढविले.

त्या शेवटच्या दरवाढीनंतर आमच्या घरीं हिशेब मांडला गेला. दोन्ही घरें मिळून नऊ फोन. रिचार्जची मुदत २८ दिवसांची. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. तिचा लाभ घेऊन सर्वांनीं एकाच स्वस्त कंपनीकडे जावें, असें मीं व चिरंजीवांनीं ठरविलें आणि अकोल्यास कळविलें. पुतण्यानें काकूंना दुकानांत नेलें, ओळखपत्र दाखविलें, फोटो काढविला व घरीं आणून सोडलें. त्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्यांनींही विचारलें नाहीं. मुलें शिकलेलीं आहेत, तीं करतील तें योग्यच असेल, ही त्यांची समजूत.

नवें कार्ड सुरू झालें आणि काकूंचा फोन मुका झाला! तो जुना, बटनांचा, दुसऱ्या पिढीच्या यंत्रणेवर चालणारा. आणि आम्हीं निवडलेल्या कंपनीकडे ती यंत्रणाच नव्हती. कंपनीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं, कारण चूक तिची नव्हती. आम्हां शिकलेल्यांपैकीं एकालाही काकूंचा फोन हातांत घेऊन पाहण्याचें सुचलें नव्हतें.

मूर्तिजापुरास काकूंच्या धाकट्या भगिनी राहतात. दिवेलागणीनंतर दोघींचें पांच मिनिटें बोलणें व्हावयाचेंच. भाजी कसली केली, पाऊस पडला कां, एवढेंच. त्या माउलींना पाठ असलेला नंबर हा एकच. पहिल्या दिवशीं तो लागला नाहीं, दुसऱ्या दिवशीं लागला नाहीं. इकडे काकूंना वाटलें, बहिणीलाच सवड नसेल. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मिळेल त्या गाडीनें अकोल्यास आल्या, आणि दारांत काकूंना धडधाकट उभ्या पाहून उंबऱ्यावरच बसून रडूं लागल्या.

परत फिरावें म्हटलें तर नियम आड आला. एकदां कंपनी बदलली कीं ९० दिवस पुन्हां बदलतां येत नाहीं. शेवटीं चौथ्या पिढीच्या यंत्रणेवर चालणारा बटनांचा नवा फोन आणला. काकू चार दिवस त्याच्याशीं झटल्या व शिकल्या. परंतु मी भेटावयास गेलों तेव्हां म्हणाल्या, "अरे नाना, कंपन्या एकत्र झाल्या तेव्हां तुला कोणीं विचारलें नाहीं म्हणून किती चिडला होतास! मग मला तरी कोणीं विचारलें?" यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं घरांत एक पद्धत ठरविली आहे. ती वाचकांच्याही उपयोगीं पडेल. प्रथम एका कागदावर घरांतील प्रत्येकाचें नांव, त्याचा फोन कोणत्या प्रकारचा आणि तो कशासाठीं लागतो, हें त्यालाच विचारून लिहावें. मग सर्वांचें नांव ज्याच्या त्याच्या नंबरावर आहे कीं नाहीं, तें पाहावें. आमच्याकडे एक नंबर अद्याप कैलासवासी वडिलांच्याच नांवें निघाला. नांव बदलण्याचें काम अपुरें असतां कंपनी बदलतां येत नाहीं. त्यानंतर नव्या कंपनीचें कार्ड असलेला पाहुण्याचा किंवा शेजाऱ्याचा फोन घेऊन देवघर, स्वयंपाकघर व मागील खोली येथें बोलून पाहावें. जाड भिंतींच्या जुन्या घरांत लहरी क्षीण होतात. कोणी नोकरीनिमित्त मेळघाटांत, धारणीकडे असेल, तर तेथें कोणती कंपनी पोहोंचते हें तेथल्याच माणसास विचारावें. जाहिरातीस विचारूं नये.

बदल करण्याची रीत सोपी आहे. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजींत लिहून त्यापुढें आपला नंबर घालावा व तो संदेश १९०० या क्रमांकास पाठवावा. उत्तरीं आठ अक्षरांचें संकेतचिन्ह येतें. आपल्याकडे तें चार दिवस चालतें. तें घेऊन ओळखपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानांत जावें. अमरावती व अकोला दोन्ही महाराष्ट्र-गोवा मंडलांतच असल्यामुळें कामाचे तीन दिवस पुरतात. जुनी शिल्लक बुडते, म्हणून रिचार्जची मुदत संपत आल्यावरच हें करावें. महिनाअखेरीस बिल भरणाऱ्यांनीं आधींचें देणें फेडलेलें असावें. नुकतेंच कार्ड बदलून घेतलें असल्यास सात दिवस थांबावें लागतें. हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. संकेतचिन्ह मात्र फोनवर कोणाही परक्याला सांगूं नये. तसेंच, "कंपनी बदलली, आजच माहिती न दिल्यास फोन बंद पडेल" असा निरोप आला तर घाबरून न जातां दुकानांत जाऊन खात्री करावी. केवळ विलीनीकरणानें नंबर बदलत नाहीं.

वृद्धांसाठीं आणखी एक सोय झाली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २३ डिसेंबर २०२४ रोजीं नियम केला कीं, केवळ बोलणें व संदेश यांचेंही स्वतंत्र रिचार्ज कंपन्यांनीं द्यावें, आणि अशा खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकेल. ज्यांना इंटरनेट नको त्यांनीं त्याचे पैसे कां भरावे? मात्र कोपऱ्यांत पडलेला फोन अगदींच विसरूं नये. ९० दिवस वापर झाला नाहीं तर नंबर बंद होऊं शकतो आणि पुढें तो दुसऱ्या कोणास मिळूं शकतो. बँकेचे संदेश मग परक्याच्या घरीं!

यंदा काकूंना आम्हीं वर्षाचें तसलें रिचार्ज करून दिलें, तें त्यांना विचारून. त्यांनीं पैसे विचारले, मुदत विचारली, आणि शेवटीं विचारलें, "मूर्तिजापूरला लागेल ना?" आम्हीं तेथल्या तेथें नंबर लावून फोन त्यांच्या हातीं दिला.