थंडीत बाइकच्या टायरमधली हवा कमी का होते? जाणून घ्या

मुंबई : गिरगावच्या फणसवाडीत रात्रभर उभ्या असलेल्या बाइकचा टायर सकाळी अंगठ्याने दाबून पाहायचा आणि किक मारायची, ही अनेकांची सवय. थंडीत मात्र हा अंदाज चुकू शकतो. पंक्चर नसतानाही टायरमधला दाब कमी झालेला असतो.

कारण काय?
हवा थंड झाली की तिचा दाब घटतो. बाइकच्या टायरमध्ये दर ७ अंश सेल्सिअसमागे साधारण १ पीएसआय. दुपारी ३२ अंशांत २८ पीएसआय भरलेली हवा पहाटे १७ अंशांत २६ वर येते. तीच बाइक कसारा घाट चढून निफाडला मुक्कामी नेली आणि सकाळी पारा ८ अंशांवर असला, तर गेज साडेपंचवीसच्या आसपास दाखवेल.

धोका कुठे?
हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि लवकर झिजतो. वळणावर बाइक डगमगते. मागे कुणी बसलेलं असताना घाट उतरताना हे जास्त जाणवतं. पेट्रोलही जास्त लागतं.

काय कराल?
- आठवड्यातून एकदा आणि लांब निघण्याआधी गेजने हवा तपासा.
- टायर थंड असतानाच मोजा. चालून तापलेला टायर जास्त आकडा दाखवतो. तो पाहून हवा सोडू नका.
- आकडा बाइकवरच्या स्टिकरचा किंवा माहितीपुस्तिकेतला घ्या. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.
- थंड गावात हवा भरली असेल, तर मुंबईत परतल्यावर पुन्हा तपासा.