लाल मुळं, काळा चिखल

पेणच्या खारात भाताचा चूड उपटायचा म्हणजे आधी स्वतःचा पाय उपटावा लागतो. चिखल घोट्याच्या वर, काळाकुट्ट, आणि वास सडक्या अंड्यांचा. खाडीच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं. हवा कोंडलेल्या चिखलातले जिवाणू प्राणवायूऐवजी त्यावर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मुळांना हे विषच.

तरीही चूड पाण्यात खळबळून पाहिला की मुळं विटकरी लाल दिसतात, टोकाला पांढरी. इथलं ‘पनवेल ३’ हे खारजमिनीसाठीच काढलेलं वाण. पण लाली सगळ्याच भाताला येते. पानांतली हवा पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत उतरते, थोडी बाहेर पाझरते. तिने चिखलातलं लोह गंजतं आणि मुळावर त्याचा लेप बसतो. काळ्या चिखलात ही एवढीच हवेशीर वस्ती, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची.

मिठात तगणारे जिवाणू शोधायला मला तिथलीच माती हवी असते. दुसरा चूड न धुता झटकायचा. पडली ती शेताची माती, झटकूनही चिकटून राहिली ती मुळाची. ती निर्जंतुक पाण्यात ढवळून त्यातलं एक मिली नऊ मिलीत, त्यातलं एक पुढच्या नळीत, असं सहा वेळा. मग मीठ घातलेल्या अगारवर. पहिल्या खेपेला मी कंटाळून चौथ्या नळीवरच थांबले, तर दुसऱ्या दिवशी एका बॅसिलसने अख्ख्या प्लेटवर साय धरली होती. बाकीचे दिसेचनात.

नीट वेगळ्या उगवलेल्या कॉलन्यांत एखादी चकचकीत असते. लूपने उचलली की पाकासारखी तार येते. हा चिकटा सोडियम धरून ठेवतो. काहींचं काम निराळं. मिठाचा ताण आला की रोप जास्त इथिलीन बनवतं आणि मूळ खुंटतं. हे जिवाणू इथिलीनचा कच्चा माल, एसीसी, फोडून त्यातलं नत्र खातात. त्यांना ओळखायचं तर नत्र म्हणून एसीसीशिवाय काही द्यायचं नाही. बहुतेकांची उपासमार होते. तगले ते ठेवायचे.

बाटलीतल्या जिवाणूंनी खार गोड होईल असं कुणी सांगितलं तर मी हसून सोडून देते. मीठ धुतो तो पाऊस, तेही बांधाला खांड पडली नाही तर. शिवाय मुळाशी आधीच ठाण मांडून बसलेले पाहुण्याला सहज जागा देत नाहीत.

शेतवाल्या काकांना मोबाइलवर त्या तारेचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग बांधातल्या, पाणी सोडायच्या उघाडीच्या मोडक्या झडपेकडे बोट करून म्हणाले, “हिचं काय ते बघा आधी.”