वारली चित्रांतील नदी

वारली चित्रांतील नदी : पालघर जिल्ह्यातील (२०१४ पर्यंत ठाणे जिल्हा) जव्हार, मोखाडा, डहाणू इ. तालुक्यांत राहणाऱ्या वारली जमातीच्या चित्रांतील एक विषय. विवाहप्रसंगी शेणाने व गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. त्यात पालघट देवीला मध्यवर्ती स्थान असते व चित्राचे प्रयोजन विधीपुरते असते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही चित्रे कागदावर व कापडावर उतरली आणि शेती, मासेमारी, लोककथा हे स्वतंत्र विषय झाले.

जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या मासेमारीच्या चित्रांत बारीक रेषांचे जाळे बहुतेक चित्रक्षेत्र व्यापते. पाण्यासाठी निळा रंग वापरलेला नसतो. मासे, होड्या व जाळे यांवरूनच पाणी ओळखावयाचे असते. हेंड्रिक ॲव्हरकांप (१५८५–१६३४) या डच चित्रकाराच्या गोठलेल्या नद्यांच्या हिवाळी चित्रांतही अशीच असंख्य लहान माणसे आपापल्या व्यवहारांत गुंतलेली दिसतात. तेथे मात्र क्षितिज व दूरत्वाचा आभास असतो. वारली चित्रात क्षितिज नसते व जवळचे-दूरचे एकाच पातळीवर येते. त्यामुळे नदी हे दृश्य न राहता उपजीविकेचे क्षेत्र ठरते.

बाजारपेठेमुळे या कलेला कीर्ती व उत्पन्न लाभले. तथापि विक्रीसाठीच्या चित्रणात पुरुष पुढे आले आणि परंपरेच्या मूळ धारक असलेल्या स्त्रिया बऱ्याच अंशी मागे राहिल्या.